पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं पत्र

माझ्या दिराचा उजवा डोळा अपघातात गेला, असं लोक म्हणतात. मी दर वेळी त्यांना थांबवते आणि नीट सांगते. अपघात टेम्पोशी झाला. त्यात टेम्पोच्या मागच्या फळीवर एक ओरखडा आला आणि आमच्या गाडीचा पुढचा दिवा फुटला. अपघाताचं नुकसान एवढंच. डोळा गेला तो आमच्याच गाडीच्या स्टिअरिंगमधून उडालेल्या धातूच्या तुकड्याने, आणि तो तुकडा तिथून उडू शकतो हे कंपनीला आधीपासून ठाऊक होतं.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत गोडादऱ्याला राहतो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझे मिस्टर पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात आहेत आणि धाकटा दीर तिथेच फोल्डिंगमध्ये कापड तपासायचा. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना बसमधून गावी नेणं कठीण झालं, म्हणून दोघा भावांनी मिळून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

दलालाकडे दोन गाड्या आमच्या बेतातल्या होत्या. एक नवीन वाटणारी, पण एअरबॅग नसलेली. दुसरी चार वर्षं जास्त जुनी, पण ड्रायव्हरसमोर एअरबॅग असलेली. दलाल मला म्हणाला, “बेन, आ गाडी एअरबॅगवाळी छे. फॅमिली माटे तो आज लेवाय.” फॅमिलीसाठी हीच घ्यावी, हे मलाही पटलं. मिस्टरांचं मन पहिल्या गाडीवर होतं. मीच हट्ट धरला. म्हटलं, रंग आणि सीट कव्हर घेऊन काय करायचंय, जीव वाचवणारी वस्तू जिच्यात आहे ती घेऊ. हे मी आजवर कुणाला फार सांगितलेलं नाही.

गाडी तीन वर्षं चांगली चालली. मग एका रविवारी सकाळी आम्ही नणंदेकडे कोसाडला निघालो. तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मिस्टरांची मिलमध्ये ड्यूटी होती, म्हणून दीर गाडी चालवत होता. मी आणि सासूबाई मागे बसलो होतो. दिराने पट्टा लावलेला होता. पर्वत पाटिया चौकाच्या पुढे समोरचा टेम्पो, कापडाचे ताके लादलेला, एकदम थांबला. दिराने ब्रेक मारला, पण गाडी थोडी सरकली आणि टेम्पोला जाऊन लागली. वेग काही फार नव्हता. सासूबाईंच्या मांडीवरचा लाडवांचा डबा तसाच राहिला, पडलासुद्धा नाही.

आणि तेवढ्यात पुढे आवाज झाला. ट्रकचं टायर फुटावं तसा. गाडीभर पांढरी भुकटी उडाली, जळका वास आला. दीर दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवून बसला होता. तो घरात अहिराणीच बोलतो. तसाच शांतपणे त्याने विचारलं, “वहिनी, काय व्हयनं? माले दिसत नही.” मी पुढे वाकून पाहिलं तर त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. टेम्पोवाला शिव्या द्यायला म्हणून उतरला होता. आत डोकावून तोच रिक्षा थांबवायला धावला.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात औषधाची छोटी बाटली होती. म्हणाले, “डोळा वाचवता आला नाही. आत हे होतं.” मला वाटलं काच असेल. ते म्हणाले, “काच नाही, धातू आहे. गाडीचा कुठला भाग फुटला होता?” पुढचा दिवा सोडला तर काहीच फुटलं नव्हतं. स्टिअरिंग जागेवर होतं, पुढची काच धड होती. बाटलीत वाटाण्यापेक्षा जरा मोठा, कडा फाटलेला, काळपट तुकडा होता.

गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली होती. मी त्याला बाटली दाखवली. त्याने स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं आणि बाटली आतल्या भागाजवळ धरून पाहिली. मग म्हणाला, “मॅडम, एअरबॅग फुगवायला आत गॅसचा एक डबा असतो. हा त्याचा तुकडा आहे. डबाच फुटलाय. या मॉडेलचे डबे कंपनीने परत मागवले होते ना? तुम्ही बदलून घेतला नाही?”

परत मागवले होते. ते तीन शब्द मी त्याला पुन्हा म्हणायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मिस्टरांबरोबर कंपनीच्या शोरूममध्ये गेले. सर्व्हिस मॅनेजरने गाडीचा चासी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि सहज म्हणाला, “हो, तुमच्या गाडीचा रिकॉल पेंडिंग दाखवतोय.”

“म्हणजे काय?”

“कंपनीने ही गाडी दुरुस्तीला बोलावली होती. एअरबॅगचा डबा बदलायचा होता. मोफत.”

“का बदलायचा होता?”

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. डब्यातलं रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं. मग ते हवं त्यापेक्षा जास्त जोराने पेटतं आणि कधी कधी डबाच फोडतं. उष्ण आणि दमट! आमच्या सुरतेत जूनमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि मार्चपासून गाडीच्या सीटला हात लावता येत नाही.

“मग आम्हाला का नाही कळवलं?”

“कळवलं होतं, मॅडम. दोन पत्रं गेली आहेत. मालकाला.”

“मालक आम्ही आहोत.”

“पहिल्या मालकाला. आमच्या रेकॉर्डला तेच नाव आहे.”

तोवर मी हळू आवाजात बोलत होते. मग माझा आवाज चढला. “मागच्या महिन्यात सिग्नलवर गाडी पट्ट्याच्या पुढे गेली. त्याचा दंडाचा मेमो तीन दिवसांत आमच्या मोबाईलवर आला. पहिल्या मालकाच्या नाही, आमच्या. विम्याची आठवण दर वर्षी आम्हाला येते. दंड घ्यायचा असतो तेव्हा सगळ्यांना आमचा पत्ता सापडतो. जीव वाचवायचा असतो तेव्हाच तेवढा सापडत नाही?”

तो म्हणाला, “तो सरकारी रेकॉर्ड, हा आमचा.” आणि वर म्हणाला, “एअरबॅग उघडली ना? म्हणजे सिस्टीम तर काम करत होती.”

मिस्टर उठून बाहेर गेले. नंतर त्यांनी मला सांगितलं की आणखी एक मिनिट थांबलो असतो तर हात उचलला गेला असता. मी बसून राहिले. विचारलं, “डबा बदलायला किती वेळ लागतो?”

“तासभर.”

तासाभराचं काम. त्यासाठी माणसाचा डोळा गेला होता, आणि त्या काचेच्या केबिनमध्ये कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मी म्हटलं, रिकॉल पेंडिंग आहे हे स्क्रीनवर दिसतंय, तेवढं छापून द्या. तो म्हणाला, तसं देता येत नाही, हेड ऑफिसला मेल करा. मी म्हटलं, ठीक आहे, बसते. मी चाळीस पोरांच्या वर्गासमोर शांत होईपर्यंत गप्प उभी राहणारी बाई आहे, मला बसायला काही वाटत नाही. तीन तासांनी, नव्या गाडीची पूजा करायला एक मोठं कुटुंब आलं आणि त्यांच्यातल्या एका बाईने मला विचारलं की तुम्ही इथे का बसला आहात. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले. पाच मिनिटांत छापील कागद माझ्या हातात आला.

पहिला मालक अडाजणला राहत होता. नोंदणीच्या जुन्या कागदांवर पत्ता होता. बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी सरळ कबूल केलं. “हो, पत्र आलं होतं. तेव्हा गाडी विकायला काढली होती. पत्र फाइलला लावून दलालाला दिलं. म्हटलं, जो घेईल तो करून घेईल.”

“तुम्हीच का नाही करून घेतलं? तासाचं काम होतं.”

 आतून त्यांच्या बायकोने विचारलं, कोण आलंय, कुणाला काय झालंय? मी सांगितलं. दिराचं वय सांगितलं. त्याच्या दोन मुली कितवीत आहेत ते सांगितलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चहा विचारला, मी नको म्हटलं. पण मी न मागता त्यांनी कागद घेतला आणि आपण पत्र दलालाला दिल्याचं गुजरातीत लिहून खाली सही केली. हा एक माणूस सोडला तर या सगळ्या प्रकरणात स्वतःहून कागदावर सही करणारा मला दुसरा भेटला नाही. तरी माझा त्यांच्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही.

दलालाकडे आम्ही तिघं गेलो. दिराच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. दलालाने ती बघितली आणि तरी म्हणाला, “बेन, असली पत्रं गिऱ्हाइकाला दाखवली तर गाडी विकायची कशी?”

मिस्टरांनी त्याची कॉलर धरली. दिराने त्यांचा हात सोडवला. मग दलालाकडे पूर्ण मान वळवून, आता त्याला तशीच वळवावी लागते, त्याने विचारलं, “तू स्वतः चालवली असती का ती? पोरांना बसवून?” दलालाने फोन कानाला लावला आणि आत निघून गेला. फोन वाजलाच नव्हता.

दिराची फोल्डिंगमधली नोकरी तशी राहिली नाही. कापड तपासायला दोन डोळे लागतात. टेबलावरून ताका सरकत असताना एक तुटलेला धागा, रंगाचा एक ठिपका तो लांबून हेरायचा. त्याला आता पॅकिंगला टाकलंय. त्यांच्या मिलमध्ये साडीवर एक डाग निघाला तर व्यापारी साड्यांची अख्खी गासडी परत पाठवतो आणि मालक निमूट घेतो. कुणाकडून कुणाला गेली, मधले हात किती, हे कुणी विचारत नाही. डाग ज्याच्याकडे पडला त्याचा माल. दिराने मला हे एकदाच सांगितलं, पॅकिंगच्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर.

मला झोप लागेना ती वेगळ्याच विचाराने. आमच्या भागात बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्याच. मग शाळेच्या पालकसभेत मी हजेरीचा विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, ज्यांच्याकडे जुनी चारचाकी आहे त्यांनी तिचा चासी नंबर चिठ्ठीवर लिहून आणा. अकरा चिठ्ठ्या आल्या. कंपन्यांच्या वेबसाइटवर नंबर तपासले तर चार गाड्यांचा रिकॉल बाकी निघाला. त्यांतली एक आमच्याच शाळेची पोरं ने-आण करणारी व्हॅन होती.

व्हॅनवाल्याला घेऊन मी आणि दीर पुन्हा त्याच शोरूममध्ये गेलो. मॅनेजर म्हणाला, “पार्ट स्टॉकमध्ये नाही. दोन महिन्यांनी या.”

“तोवर काय करायचं?” व्हॅनवाल्याने विचारलं.

“चालवा. पण जपून.”

मी म्हटलं, “तोवर चालवायला सुरक्षित आहे, असं लिहून द्या.”

त्याने लिहून दिलं नाही. व्हॅनवाला मला बाहेर म्हणाला, “टीचर, गाडी उभी केली तर घर कसं चालायचं?”  त्याने उधारीवर दुसऱ्याची रिक्षा घेतली आणि पोरांना दोन खेपांत आणू लागला. आठवड्यातून दोनदा दीर शोरूमला जायचा आणि काउंटरसमोर उभा राहायचा.  तीन आठवड्यांत पार्ट आला.

डबा बदलताना मी वर्कशॉपमध्ये उभी होते. मुद्दाम घड्याळ लावलं होतं. पन्नास मिनिटं. जुना डबा बाहेर काढला तेव्हा तो कुंकवाच्या मोठ्या डबीएवढा होता. मी हातात मागितला, दिला नाही. बाकीच्या तीन गाड्याही पुढे एकेक करून झाल्या.

आमची तक्रार ग्राहक आयोगात आहे. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं, वेबसाइटवर सूचना दिली होती, वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. जाहिरातीची प्रत जोडली आहे, ती इंग्रजी वर्तमानपत्रातली आहे. आमच्या गल्लीत ते पेपर भेळ बांधूनच येतात. वकील असंही म्हणाले की सध्याच्या मालकाचा ठावठिकाणा कंपनीला माहीत असणं शक्य नव्हतं.

मागच्या तारखेला आयोगाच्या मॅडमनी दिराला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? तो कधी अशा ठिकाणी बोललेला नाही. उभा राहिला, हात मागे बांधले, आणि थोडं गुजराती थोडं मराठी असं म्हणाला, “मॅडम, ती जाहिरात आली त्याच वर्षी कंपनीच्या त्याच शोरूममध्ये मी या गाडीचं ऑइल बदललं होतं. बिल आहे माझ्याकडे. त्यावर माझं नाव आहे, मोबाईल आहे, घराचा पत्ता आहे.”

त्याने खिशातून घडी घातलेलं बिल काढलं. ते त्याच्याकडे आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं. मॅडमनी ते वाचलं, वकिलांकडे पाठवलं. वकिलांनी वाचलं आणि उत्तरासाठी मुदत मागून घेतली.