कम्प्युटर आणि तेरची किटली

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो आणि आमचं युनिट लेहला होतं. चंदीगडहून युनिटचा पहिला कम्प्युटर विमानाने आणायचा हुकूम मला मिळाला, तेव्हा मी ती वस्तू आयुष्यात एकदाच पाहिली होती, तीही लांबून. बरोबर नाईक युसुफ होता. तो नळदुर्गचा, मी तेरचा. जिल्हा एक असल्यामुळे तो मला दादा म्हणायचा. कम्प्युटरचा कोर्स करून आलेला युनिटमधला तो एकटाच, त्यामुळे त्या दिवसांत त्याचा भाव जरा वधारला होता.

चंदीगडहून निघण्याच्या आदल्या दुपारी लेहहून मेजरसाहेब रेडिओवर आले.

"मशीन इथे चालू झालं की युसुफची रजा चालू. त्याच विमानाने परत जाईल. ओव्हर."

"रॉजर, सर."

युसुफला पंधरा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. तार शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवलेली. रजा तीस दिवसांची, पण ती संपायची तारीख ठरलेली होती, कारण त्यानंतर त्याची तुकडी वरच्या पोस्टवर चढणार होती. उशीर झाला तर तेवढे दिवस वजा.

त्या दुपारी आम्ही पॅकिंग केलं. युसुफने आधी कम्प्युटरला एक कमांड दिली.

"दादा, आत तबकडी हाय. तिच्यावर सुईसारखं काहीतरी फिरतंय. ते आधी कडंला न्हेऊन निजवायचं, मगच बटन बंद. न्हायतर हादऱ्यानं तबकडीवर ओरखडा पडतोय."

थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "निजलं." जणू पाळणाच थांबवला होता.

आतली कार्डं काढून त्याने वेगळी गुंडाळली. खोका भरायला मी भुसा आणला, तो त्याने परत पाठवला. बारीक धूळ आत जाते म्हणाला. मग मी घोंगड्यांच्या चुंबळी वळल्या. आमच्याकडे बाया डोक्यावर घागर ठेवतात ती चुंबळीवर, आणि भरली घागर कोसभर चालूनही हिंदकळत नाही. एक चुंबळ मॉनिटरखाली, दोन मशीनखाली. आजही कुणी विमानातून असं सामान न्यायचं म्हणाला, तर मी हेच सांगतो: हादरा खाली जिरला पाहिजे.

आणि तिथेच मी माती खाल्ली. मशीनच्या खोक्यात एका बाजूला वीतभर फट उरली होती. तिथे मी माझी किटली आडवी बसवली, पाण्याने भरलेली. ती आमच्या घरची. वडील गावच्या दूध संस्थेत त्याच किटलीने दूध घालायचे. दुष्काळात म्हशी गेल्या आणि किटली माझ्याकडे आली. आम्ही दुष्काळी माणसं. गाव सोडताना एक वेळ भाकरी विसरू, पाणी विसरणार नाही. फट भरली आणि पाण्याचीही सोय झाली, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

सकाळी सहाला मालवाहू विमान उडालं. खोके पट्ट्यांनी जमिनीला बांधलेले, आम्ही बाजूच्या जाळीच्या बाकावर. इंजिनाची घरघर इतकी एकसुरी की थोड्या वेळाने ती ऐकूच येईना. हवा विरळ झाली तशी गुंगी चढली. खाली बर्फाचे डोंगर होते, पण डोळे मिटले की मला गावच्या तेरणा नदीचं कोरडं पात्र दिसायचं आणि वाळूतून सावकाश पाणी वर यायचं. मी पात्रात उभा आहे, घोटे भिजताहेत, आणि पलीकडच्या काठावर आमच्या म्हशी उतरताहेत. फार सुख वाटत होतं.

"दादा! उठा! पाणी!"

खोक्याचा कोपरा ओला झाला होता. उंचीवर किटलीत कोंडलेली हवा फुगली, झाकण ढिलं झालं आणि पाणी झिरपलं. युसुफने पट्टा सोडला. विमानातलं सामान सांभाळणारा लोडमास्टर ओरडला, "बैठ जाओ!" विमान हवेत खाली-वर आपटत होतं. युसुफने खोक्याचं झाकण उघडून मशीन बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि लेह येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. स्वेटर काढून त्यानेच पुसलं. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते.

लेहला परतीचं विमान तासाभरात निघणार होतं. मेजरसाहेब वाटच पाहत होते.

"स्विच ऑन."

"नो सर," युसुफ म्हणाला. "मशीन गार आहे, ओलं आहे. एक दिवस गरम खोलीत ठेवू. आत्ता लावलं तर जळेल."

"पाणी कुठून आलं?"

मी तोंड उघडलंच नाही. माझ्या बढतीचे कागद साहेबांच्याच टेबलावर होते.

"पॅकिंग माझं होतं, सर," युसुफच म्हणाला.

विमान त्याच्याशिवाय उडालं. दुसऱ्या दिवशी त्याने मशीन लावलं आणि ते पहिल्या झटक्यात चालू झालं. पण तोवर हवामान बिघडलं होतं. नऊ दिवस एकही विमान उतरलं नाही. दहाव्या दिवशी निघताना त्याने माझी किटली मागून घेतली.

"तुमच्यापाशी ठिवली तर परत इमानात भराल," असं म्हणून हसला.

एकवीस दिवसांनी तो वेळेवर परतला आणि पोस्टवर गेला. फेब्रुवारीत बर्फाने टेलिफोनची लाइन तुटली, ती जोडायला तो खाली उतरला. खालच्या सेटवर मी होतो.

"लाइन ओके. परत निघतोय. ओव्हर."

"रॉजर."

त्यानंतर सेटवर काही आलं नाही. वरून बर्फाचा कडा सुटला होता. तो आम्हाला चौथ्या दिवशी सापडला.

पुढच्या रजेत मी नळदुर्गला गेलो. त्याच्या घरी आपसात दखनी उर्दू बोलत, पण त्याची बायको माझ्याशी मराठीत बोलली. तिने पाणी आणलं ते त्याच किटलीतून. मी पेला हातात घेतला आणि मला तो पिववेना.

"भाबी, विमानात सांडलं ते पाणी माझं होतं. साहेबांसमोर मी गप्प बसलो. तुमच्या लेकीचे नऊ दिवस मी खाल्ले."

"ठावं हाय," ती म्हणाली. "आल्या आल्या सांगितलं त्यांनी. लई हसले. म्हनले, दादा बोलले असते तर त्यांची बढती गेली असती. माझं काय, नऊच दिवस गेले."

लेक रांगत आली आणि माझ्या बुटाची नाडी ओढू लागली.

"प्या की भाऊ. पानी हाय, टाकू नगा."

मी प्यालो. नाईक युसुफच्या लेकीला बापाची मांडी एकवीस दिवस मिळाली. तीस मिळायला हवी होती.