मावसोबांचं राबिट

आमच्या पोशीरच्या मावसोबांइतका धोकादायक पाहुणा सबंध कर्जत तालुक्यात सापडायचा नाही. चोर निदान चांगल्या वस्तू नेतो, हे फुटक्या नेतात. कोणाची फरशी उखडली, कोणाची भिंत पाडली, की मावसोबा टेंपो घेऊन हजर. सिमेंट सोडलं तर काँक्रीटला लागणारं सगळं देवानं उकिरड्यावरच ठेवलंय, असा त्यांचा ठाम विश्वास. खडीऐवजी राबिट, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचे तुकडे. आणि सिमेंट वाचवायला भातगिरणीतली तुसाची राख. शिळफाट्याला एका मयताला गेलो, तर शेजारची पाडलेली भिंत बघून माझ्या कानात म्हणाले, "माल बरा हाय रं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या पावसाळ्यात मावशी अंगणातल्या चिखलात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे शेलूला राहिली. पुन्हा पडली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावसोबा झपाटले. ती घरी यायच्या आत रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत काँक्रीटची वाट करायचीच. स्वतः घण घालून राबिट फोडलं, पाय सरकू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर खराटा ओढला, पुढे रोज पाणी मारलं. शेवटी उंबऱ्यापाशी माल कमी पडला, तेव्हा घरात शिरून तडा गेलेलं जे हाताला लागलं ते फोडलं.

मावशीला रिक्षातून उतरवली. वाट खरंच झकास झाली होती, वॉकर जरासुद्धा डगमगला नाही. मावसोबा वरबापाच्या ऐटीत पुढे. उंबऱ्यापाशी मात्र मावशी थबकली. पायाशी तिच्या लोणच्याच्या बरणीचे पिवळे-तपकिरी तुकडे काँक्रीटमध्ये रुतले होते. तिच्या आईनं लग्नात दिलेली बरणी!

"तडा गेलेला गं तिला," मावसोबा म्हणाले.

"तुमाला तडा दिसला. माजी आय नाय दिसली?"

मी हादरलोच. मावशीनं त्यांना उलट बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मावसोबा आत जाऊन पहार घेऊन आले आणि तुकडे उकरायला बसले. पण काँक्रीट त्यांच्याच हातचं. घामाघूम झाले, एक तुकडा हलेना. शेवटी मावशीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता."

मावशी आता वॉकरशिवाय चालते. पण त्या जागी आली की चपला काढते आणि अनवाणीच उंबरा ओलांडते. तिला वाकता येत नाही. मावसोबा मागून येतात, चपला उचलतात आणि आत तिच्या पायाशी नेऊन ठेवतात.