जांभळ्यात पहिली, निळ्यात दुसरी

माझी धाकटी नणंद प्रयोगशाळेत कामाला आहे. एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या रिपोर्टांसाठी नळ्या भरल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या सहीचा रिपोर्ट जायचा होता. तो नीट गेला तर सही कायमची तिची, नाहीतर पुन्हा आपलं नळ्या भरणं.

काम दिसायला सोपं. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसली नासाडी रोखणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. सुकवलेल्या पानांच्या दोन पुडींपैकी त्यात सरस कुठली, एवढंच सांगायचं होतं. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा. रंग जितका उडेल तितका अर्क दमदार. पहिली पूड जिंकली. खात्रीसाठी तिने लोहाची चाचणी केली. तिथे निळा रंग जितका गडद, तितकं चांगलं. आणि तिथे जिंकली दुसरी!

संध्याकाळी ओट्याला टेकून ती म्हणाली, "वहिनी, माझे हातच चळलेत बहुतेक. तीन-तीनदा केलं, तरी तेच."

"चष्मा तपासून घेतेस का?"

"अगं, रंग यंत्र वाचतं, मी नाही."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चिठ्ठ्या टाक."

"दादा, तू गप्प बस. तुला अजून मीठ-साखर ओळखता येत नाही."

मी विचारलं, "पण दोन्ही चाचण्या एकच गोष्ट मोजतात का?"

"नाही ना. एकीत उनाड रेणूला कोण आवरतं ते बघतात, दुसरीत लोहाला इलेक्ट्रॉन कोण देतं ते. आणि पोटात गेल्यावर काय होतं, ते कुठलीच नळी सांगत नाही."

"मग?"

"मग तेच तर कळत नाहीये!"

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "एकच नाव लिहा. पूड विकणाऱ्या कंपनीला डब्यावर छापायचंय."

हिने दोन्ही आकडे लिहिले, प्रत्येकापुढे चाचणीचं नाव घातलं आणि खाली सही ठोकली.

"मग चांगली कुठली?"

"माहीत नाही, सर."

"असंच पाठवायचं?"

"हो, सर."

साहेबांनी बराच वेळ कागद उलटसुलट पाहिला आणि पाकिटात घातला. मग नमुन्यांची नवी पिशवी तिच्यापुढे सरकवली. "हेही तुमच्याच सहीने जाऊ द्या. या वेळी जरा एकच उत्तर आणा."

ही शाबासकी होती की दम, ते तिला अजून कळलेलं नाही. मला तर नाहीच.