गोडा, मोढा आणि भांगडा

चंडीगडला नोकरीवर रुजू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. मी फिजिओथेरपिस्ट, मूळचा परभणीचा. त्या सकाळी एका आजींना व्हीलचेअरवरून माझ्यासमोर आणलं. डेराबस्सीच्या पलीकडच्या गावच्या, नुकतंच ऑपरेशन झालेलं. सून त्यांना बीजी म्हणत होती, म्हणून मीही बीजी म्हणालो.

"पुत्तर, गोडा बहुत दुखदा," बीजी म्हणाल्या.

मला ऐकू आलं 'गोड'. मी पेन काढून विचारलं, "शुगर कितने साल से है?"

बीजींनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "ओये, एह गोडा!"

गोडा म्हणजे गुडघा. बीजी इतक्या हसल्या की ओढणीनं डोळे पुसावे लागले. माझे कान तापले. दिवसभर ज्या अवयवावर मी काम करतो, त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं! त्याच आठवड्यात मी कम्युनिटी सेंटरमधल्या संध्याकाळच्या पंजाबीच्या वर्गात नाव घातलं.

शिकवणाऱ्या मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या. महिनाभरात मला गुरुमुखी वाचता यायला लागलं, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. मनात वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागलेला असायचा. एकदा मॅडमनी माझी वही मिटली.

"आप सोचते बहुत हो. ऊपर जाओ. वहाँ सोचने का टाइम ही नहीं मिलेगा."

वर म्हणजे पहिल्या मजल्यावर. तिथल्या हॉलमध्ये नवशिक्यांना भांगडा शिकवत.

मी जन्मात नाचलो नव्हतो. मित्रांच्या वरातीत सगळ्यांचे मोबाइल सांभाळायचं काम माझ्याकडे असे. भांगडा शिकवणारे उस्तादजी साठीचे, बारीक अंगाचे, आणि पंजाबीशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत. "सज्जा पैर! खब्बा मोढा!" सज्जा म्हणजे उजवा, खब्बा म्हणजे डावा, मोढा म्हणजे खांदा. हे मी वहीत लिहिलेलं होतं, पण वही खाली राहिली होती. पहिल्याच दिवशी मी उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे उडी मारली आणि झिरकपूरहून येणाऱ्या बँकेतल्या ताईंच्या पायावर उतरलो. "कोई गल नहीं जी!" म्हणत त्यांनी मला खांद्याला धरून सरळ उभं केलं.

आणखी एक पंचाईत होती. भांगड्यात गुडघा स्प्रिंगसारखा लवत राहावा लागतो. दिवसभर लोकांना गुडघा वाकवायला लावणारा मी, आणि माझेच गुडघे काठीसारखे! पण पाचव्या-सहाव्या दिवशी गंमत झाली. उस्तादजी 'खब्बा' ओरडले आणि माझा डावा पाय उचललाही गेला. डोक्याला विचारायला तो थांबलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की पुढचे चार ठेके चुकले.

बीजी अजूनही गावाहून व्यायामासाठी येत होत्या, पण दुसऱ्या दिवशी त्या नकार देऊन बसल्या होत्या. मी मोडक्यातोडक्या पंजाबीत त्यांना सांगितलं, "बीजी, मैं भंगड़ा सिखदा हां."

"करके विखा!"

मी हात वर करून दोन पायांवर आलटून पालटून उड्या मारल्या. बीजी बघतच राहिल्या.

"मोढे हिला, मोढे! तूं तां मंजा चुक्की फिरदा एं!"

म्हणजे, खाट उचलून फिरतोयस जसा! बसल्या बसल्या त्यांनी खांदे असे काही उडवून दाखवले की शेजारच्या रुग्णाचा व्यायाम थांबला. मग आमचं ठरलं. मी दहा उड्या मारायच्या, त्यांनी दहा वेळा पाय उचलायचा. मोजायच्या त्या, आणि माझी एखादी उडी आवडली नाही तर ती धरायच्या नाहीत. आमचे साहेब एकदा दारातून डोकावून गेले. पंधरा दिवसांत बीजींचा गुडघा काटकोनात वाकला, आणि शेवटच्या दिवशी घरी जाताना त्या वॉकर घेऊन गाडीपर्यंत स्वतः चालत गेल्या.

वर्ग संपताना एका रविवारी सकाळी आमचा छोटासा कार्यक्रम झाला. स्पीकर नव्हता, खरा ढोल होता. पहिली थाप पडली आणि ती थेट पोटात घुमली. मी दोनदा चुकलो, एकदा तर सगळे आत वळले तेव्हा एकटाच बाहेर वळलो. पण ढोलवाल्यानं लय वाढवली, समोरचे लोक टाळ्या धरून ओरडायला लागले, आणि मीही ओरडत होतो. घामानं डोळे चुरचुरत होते, आणि थांबूच नये असं वाटत होतं.

पाणी पीत उभा होतो, तेवढ्यात प्रेक्षकांतल्या एका काकूंनी विचारलं, "कित्थों दे ओ?"

मी धापा टाकत सांगत सुटलो. परभणीचा आहे, घरी आईवडील असतात, इथे हॉस्पिटलात काम करतो, आमचं मूळ गाव नदीकाठी आहे. सगळं पंजाबीत, एकही वाक्य आधी न जुळवता.

"साडी पिंड नहीं, साडा पिंड," माझ्या 'आमची'चं 'आमचा' करत, गावाला पुल्लिंगी करत काकू म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच लग्नाचं विचारलं, "ते विआह होया के नहीं?"