परतायची बॅटरी

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या त्या गल्लीत नाना परबांचं घर शोधायला पत्ता लागत नसे. "नाववाले अंकल" एवढं म्हटलं की भाजीवालासुद्धा गेटापर्यंत आणून सोडी. मी त्यांची वरची खोली भाड्याने बघायला गेले, तेव्हा अंगणात दोन चाकांच्या गाड्यावर एक पांढरी फायबरची होडी उभी होती आणि तिच्यात कॅप घातलेले एक गृहस्थ चहा पीत बसले होते. चहूकडे सिमेंट. जवळात जवळचं पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी. मी घुटमळले, तर ते म्हणाले, "या बाईसाहेब, चढा वर." खोली मी घेतली, पण तिच्याआधी मला होडी बघावी लागली.

मी नागपूरची, बँकेची बदली होऊन सी-स्कीममधल्या शाखेत आलेली. होडी आणि मी यांचा तोवर काडीचा संबंध नव्हता. नाना मालवणकडचे. सैन्याच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून जयपूरलाच निवृत्त झाले आणि इथेच घर बांधून राहिले. होडी त्यांनी भंगारातून उचलली होती. इंजिनही भंगारातलंच, पण बटण दाबलं की सुरू होणारं. हाताने ओढायची दोरी होती, ती आमच्या ओळखीआधीच तुटली होती. "दोरी कशाला? मतलब, बॅटरी आहे ना!" असं नाना म्हणत. फौजेने त्यांची मालवणी पार धुऊन काढली होती.

काकूंची, म्हणजे नानांच्या बायकोची, मालवणी मात्र जशीच्या तशी होती. "होडी पाण्यात शोभता, सिमेंटवर नाय," असं त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. लग्नानंतर तीस वर्षं त्या नवऱ्यामागून गावोगाव फिरल्या, आणि प्रत्येक बदलीच्या वेळी नानांनी सांगितलं होतं, "ही एवढी पोस्टिंग, मग गावी." निवृत्तीनंतर नानांना जयपूर सोडवेना. गावी गेलो तर नुसते ओट्यावर बसून म्हातारे होऊ, अशी त्यांना धास्ती होती. होडी ही काकूंच्या तोंडावर मारलेली लाच होती. तुला कोकण पाहिजे ना, हे घे कोकण. काकू त्या होडीत कधीच बसल्या नव्हत्या.

त्यांना बसवण्यासाठी नानांनी होडीत स्टीरिओ बसवला. चार स्पीकर आणि एक मोठा अँप्लिफायर. आग्र्याच्या रस्त्याला, तासाभराच्या अंतरावर एक बांध, म्हणजे धरणाचं तळं होतं, तिथे आम्ही दोघं चाचणीला गेलो. मधोमध इंजिन बंद करून नानांनी तासभर भजनं लावली. निघताना बटण दाबलं, तर इंजिन नुसतं टिकटिक करून गप्प. स्टीरिओने बॅटरी पिऊन टाकली होती. शेवटी भैरू नावाच्या मासेमाराने वल्ही मारत येऊन आम्हाला दोराने ओढत काठावर नेलं. "गाणो चोखो छै बाबूजी, पण नाव कोनी चालै," तो म्हणाला. गाणं झकास, पण नाव काही चालत नाही. नानांनी त्याला सलाम ठोकला.

दुसऱ्या खेपेला नानांनी सरळ घरच्या इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी काढून होडीत मागे ठेवली. त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं, तिची टोकं घासणं ही सगळी कामं इतकी वर्षं काकूच करत आल्या होत्या. मे महिना होता. दुपारी वीज गेली, पंखा थांबला, आणि काकूंनी अंगणात येऊन जे काही सुनावलं त्यातलं मला निम्मंच कळलं. तेवढं पुरेसं होतं. बांधावर गेल्यावर कळलं की वजनाने होडीची मागची बाजू पाण्यात बसते आहे. नानांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "बाईसाहेब, पुढच्या टोकाला बसा. वजन पाहिजे." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही, पण बसले टोकालाच.

मग त्यांनी रीतसर काम केलं. इंजिनाला एक लहान बॅटरी, गाण्याला एक नवी मोठी बॅटरी, पण होडीच्या मध्यावर, आणि दोघींमध्ये एक गोल खटका. एकवर लहान, दोनवर मोठी. आठवडाभर मला त्याची कवायत दिली. "इंजिन बंद, खटका दोनवर. गाणं संपलं, खटका एकवर. आणि समजा लहान बॅटरी झोपली, तरी दोनवर ठेवून बटण दाबा, मोठी तिला उठवते. पॉइंट नोट करा, बाईसाहेब. परतायची बॅटरी गाण्यात उडवायची नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की मी बँकेत चहा ओततानाही ते पुटपुटू लागले.

सगळं तयार झाल्यावर काकूंनी पैज लावली. त्यांच्या भावाने गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं, चांगलं दोन तासांचं. "सगळा नाटक पाण्यात ऐकवा आणि इंजिनावर परत काठार घेवन येवा. जमला, तर मी गावचा नाव काढूचंय नाय. नाय जमला, तर घर विकूचा आणि गावाक जावचा." नानांनी मिशीवरून हात फिरवला. पैज त्यांच्या खिशातच होती.

काकू नऊवारी नेसून होडीत बसल्या. मी पुढे, अर्थातच. बांधाच्या मधोमध इंजिन बंद झालं, खटका दोनवर गेला आणि नाटक सुरू झालं. आधी काकू तोंड फिरवून बसल्या होत्या. मग पेटी वाजली, मध्येच त्यांच्या भावाचा खोकला ऐकू आला आणि त्या हसल्या. राजाचं भाषण सुरू झालं तसं त्या ओठांनी ते म्हणू लागल्या, अक्षर न चुकवता. हसता हसता डोळे पुसत होत्या. पदर वाऱ्यावर सुटला होता, तो त्यांनी सावरलासुद्धा नाही.

नाना नाटक ऐकत नव्हते. ते काकूंकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांचा हात हळूच मागे गेला. क्षणभर आवाज अडखळला आणि पुन्हा सुरू झाला. मी वळून पाहिलं, तर खटका एकवर, म्हणजे नाटक आता इंजिनाच्या लहान बॅटरीवर. चूक झाली असं वाटून मी उठून हात पुढे केला, तर नाना शांतपणे म्हणाले, "बाईसाहेब, जागा सोडू नका. होडी कलते." आणि त्यांनी आवाज होता तो आणखी वाढवला.

नाटक संपलं. नानांनी बटण दाबलं. टिकटिक. पुन्हा दाबलं. टिकटिक.

"नाना, खटका दोन—" मी मागे सरकत तोंड उघडलं मात्र, त्यांचा बूट माझ्या पायावर पडला. चांगला दाबून पडला. नानांनी कॅप काढून मांडीवर ठेवली आणि तीस वर्षांनी त्यांच्या तोंडून मालवणी बाहेर आली.

"हरलंय गो."

काकूंनी सुटलेला पदर सावरला. भैरू वल्ही मारत आला आणि त्याने दोर बांधला.

तीन महिन्यांनी घर विकलं गेलं. होडी ट्रकवर चढली, तिच्यात भांडी, गाद्या आणि ती मोठी बॅटरी. नाना ड्रायव्हरला दोर कसा बांधायचा हे शिकवत होते आणि येईल त्याला सांगत होते, की एवढी पक्की यंत्रणा, पण ऐन वेळी दगा दिला, नशीब दुसरं काय! ते खोटं बोलतायत हे जगात मला एकटीलाच ठाऊक आहे, याचा मला जरा अभिमान वाटत होता.

काकूंनी मला आमसुलांची बरणी दिली, जवळ ओढलं आणि कानाशी पुटपुटल्या, "इन्व्हर्टर इतकी वर्सां कोणी सांभाळलो? तो खटको फिरवताना मीया बघलंय. पण तेंका सांगा नको हां."

नानांचा अजून फोन येतो. होडी पाण्यात आहे, काकू रोज बसतात. आणि दर वेळी ते आवाज खाली आणून विचारतात, "बाईसाहेब, तिला काही कळलं नाही ना?"

"छे हो नाना," मी म्हणते, "त्यांना त्यातलं काय कळतंय!"