वाफशाचं इंग्रजी

नाटूमास्तरांचं आडनाव नाटू नव्हतं. ‘नॉटविथस्टँडिंग’ हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी पडायचा. जालन्याच्या आमच्या फौकानियातल्या, म्हणजे हायस्कुलातल्या पोरांनी त्याचं आधी ‘नाटूस्टँडिंग’ केलं, आणि तेही जिभेला जड झालं तेव्हा नुसतं ‘नाटू’ ठेवलं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात ‘मिस्टर नाटू’ असंच लिहिलं. मास्तरांनी ते दुरुस्त करून घेतलं नाही. शेरा इंग्रजीत होता, एवढंच त्यांना पुरे होतं.

इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत होतो. त्यांची सगळी इंग्रजी विद्या एका तत्त्वावर उभी होती. ते म्हणायचे, “लहान वाक्य म्हंजी उघडा माणूस. घरात चालतंय. चार विद्वानांत उघडं जायाचं का?” म्हणून ते प्रत्येक वाक्याला कपडे चढवत. आधी ‘व्हेअरॲज’ची बंडी, तिच्यावर ‘नॉटविथस्टँडिंग’ची शेरवानी, डोक्याला ‘हिअरिनबिफोर’चा फेटा. आत माणूस आहे की नुसतं बुजगावणं, हे बघायची गरज त्यांना कधी वाटली नाही. पूर्णविरामाचा तर त्यांना राग होता. चार ओळी झाल्याशिवाय तो आला, तर ते लाल पेन्सिलीने खोडून टाकत.

स्वतःही ते तसेच वागायचे. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि खाली धोतर. चैत्रात घामाने निथळत वर्गात उभे राहायचे, पण वरचं बटण उघडायचे नाहीत. एकदा त्यांना ताप आला. त्यांनी इंग्रजीत रजेचा अर्ज धाडला, तो दीड पान होता. ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकाराच्या नश्वर देहाचा ज्वराने कबजा घेतला आहे, आणि त्याअर्थी, असा तो चालला होता. हेडमास्तर उर्दूचे जाणकार, इंग्रजी बेताचं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चपराशाला विचारलं, मास्तर आजारी आहेत की राजीनामा देतायत? चपराशी म्हणाला, पडून हायत, मी आत्ताच पाहून आलो. मग रजा मंजूर झाली.

त्यांच्याजवळ एक जाडजूड डिक्शनरी होती. तिची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे त्यांचं इंग्रजी ‘व्ही’च्या अलीकडे संपायचं. ‘व्हेअरॲज’ तेवढा त्यांना तोंडपाठ होता. ते मुंबईच्या, मद्रासच्या विद्वानांच्या मंडळांना निबंध लिहून पाठवायचे. निबंध साभार परत यायचे. परतीच्या त्या चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि नव्या माणसाला ते त्या दाखवायचे, हे बघा, विद्वानांनी दखल घेतली. ऐकणारा मान डोलवायचा. गावात इंग्रजी समजणारे थोडे, आणि न समजणाऱ्याला मान डोलवण्यात काही तोटा नव्हता.

त्या मान डोलवणाऱ्यांत मी होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी केदारखेड्याचा. घरी काळीची जमीन, तीन बैलजोड्या. माझी शाळा उर्दूतून झाली आणि पुढे हैदराबादेत सायन्सही उर्दूतूनच. ओलाव्याला मी ‘नमी’ लिहायचो, इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. पास होऊन घरी आलो तेव्हा एक संधी निघाली. मुंबईकडच्या इंग्रजी मुलखातलं एक शेतकी कॉलेज मोगलाईतल्या, म्हणजे आमच्या हैदराबाद संस्थानातल्या, एका उमेदवाराला पुढच्या अभ्यासासाठी घेणार होतं. अट एकच, स्वतः केलेल्या पाहणीवर इंग्रजीत निबंध लिहून पाठवायचा, तिथले प्रोफेसर तो वाचून निवड करणार. मला ती जागा फार हवी होती. आबांनी, माझ्या वडिलांनी, सरळ सांगितलं होतं की झालं तर जा, न्हाई झालं तर औत धर, तिसरं काही न्हाई.

पाहणी माझ्याजवळ होती. दोन हंगाम मी आमच्याच रानात शाळू ज्वारीच्या ओळी वेगवेगळ्या दिवशी पेरून बघितल्या होत्या. पाऊस उघडल्यावर लगेच पेरलं तर काय होतं, वाफसा आल्यावर पेरलं तर काय, वाफसा जाऊ दिला तर किती दाणा उगवतो, हे सगळं वहीत मांडलं होतं, मराठीत. वाफसा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून तो शब्द मी कुठे समजावून दिला नव्हता. ती वही घेऊन मी नाटूमास्तरांकडे गेलो. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, “आता बघ, याला कसं दरबारी करतो.”

पंधरा दिवसांनी इंग्रजी तयार झालं. माझी अकरा पानं त्यांनी एकोणतीस केली होती. मी ती वाचली, मला त्यातलं फारसं काही कळलं नाही, आणि म्हणून ती उत्तम असणार अशी माझी खात्री पटली. माझ्या मूर्खपणाचा याहून मोठा पुरावा मला आजवर सापडलेला नाही. मी निबंध पोस्टात टाकला आणि देवीला नारळ बोलून आलो.

भाद्रपदात उत्तर आलं. प्रोफेसरसाहेबांनी लिहिलं होतं की निबंध वाचून मंडळींची करमणूक झाली. आपल्या भागात शेतातून वाफ निघेपर्यंत शेतकरी पेरणीला थांबतात असं दिसतं, तर तिथली जमीन कोणत्या देवाच्या कृपेने उकळते, हे कळवावं. निवडीचा विचार करता येत नाही. मी पानं काढून पुन्हा चाळली. वाफसा जिथे जिथे होता, तिथे तिथे मास्तरांनी ‘स्टीम’ घातली होती. धरणीमातेच्या उदरातून उसळणारी स्टीम. निदान ‘व्हेपर’ तरी लिहिलं असतं, पण त्यांच्या डिक्शनरीला ‘व्ही’ नव्हता.

मी तसाच जालन्याला गेलो. मास्तर पडवीत पेपर तपासत होते. पत्र त्यांच्यापुढे टाकलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही, जन्मभर तुम्ही लोकांना फसवलंत, आणि आता माझं वाटोळं केलंत, असं सगळं. गुरूशी कसं बोलावं याचं भान मला राहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, बोलताना बरं वाटत होतं. आधी ते हटून बसले. वाफ म्हणजे स्टीम, बिलकुल बराबर आहे, म्हणाले. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि हळू विचारलं, “मंग वाफसा म्हंजी काय रे?”

पन्नाशीचा माणूस, सगळा जन्म जालन्यात गेलेला, वेशीबाहेर काळी जमीन पसरलेली, आणि त्याला वाफसा माहीत नाही. त्यांच्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या होत्या. मला इतकी किळस आली की उत्तर न देता मी उठून आलो.

हस्ताचा पाऊस उघडून चार-पाच दिवस झाले असतील. मी रानात होतो, तेव्हा बांधावरून काळी शेरवानी येताना दिसली. मिळेल त्या मोटारीने आणि पुढे कुणाच्या तरी बैलगाडीने मास्तर केदारखेड्याला पोहोचले होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. माझ्याशी ते बोलले नाहीत, नीट आबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, वाफसा बघायला आल्तो. आबांना निबंधाचं सगळं माहीत होतं, पण दारी आलेल्या माणसाला टोचून बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

“दाबा. गोळा झाला का? आता सोडा खाली. फुटला? मंग ह्यो वाफसा. फुटला न्हाई तर अजून थांबायचं. गोळाच झाला न्हाई तर उशीर झाला.”

मास्तरांनी ते पाच-सहा वेळा करून पाहिलं. दाबायचे, सोडायचे, फुटलेल्या ढेकळाकडे बघत राहायचे. मग म्हणाले, “याला इंग्रजी न्हाई.” चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत जल्दी निघायला हवं म्हणून गेले. माझी मराठी वही त्यांच्याकडेच राहिली होती. तिचं आता काय करायचं, म्हणून मी ती परत मागितली नाही.

होळीच्या सुमारास कॉलेजचं दुसरं पत्र आलं. निवड झाली आहे, जूनमध्ये हजर व्हावं. कारण काही दिलेलं नव्हतं. दुसरा कुणी उमेदवार मिळाला नसेल, असा मी अर्थ लावला. जाताना गाडी जालन्यालाच धरायची होती, स्टेशनवर तास-दीड तास बसून होतो, पण मास्तरांना भेटायला गेलो नाही. कॉलेजात त्यांच्या नकला करून मी मित्रांना हसवायचो. ‘नश्वर देहाचा ज्वराने कबजा’ तर इतका गाजला की खोलीवर कुणी आजारी पडला की तेच म्हणायचे.

अभ्यास संपल्यावर प्रोफेसरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. माझी फाईल उघडून त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्याच्याखाली माझी मराठी वही टाचलेली होती. कागदावर ओळखीचं वळणदार अक्षर होतं आणि तीन वाक्यं होती. ‘ही रोट वाफसा. आय रोट स्टीम. द मिस्टेक इज माइन.’ त्याने वाफसा लिहिलं, मी स्टीम लिहिलं, चूक माझी. वर ज्याअर्थी नव्हतं, खाली आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक नव्हता. नुसती सही.

साहेब आपल्याकडचेच, मराठी. म्हणाले, “आमचं घराणं शेतकऱ्याचं. वाफसा वाचला आणि तुमची वही एका बैठकीत संपवली. पण मला नवल वाटलं ते या गृहस्थांचं. ज्याला इतकं स्वच्छ इंग्रजी लिहिता येतं, तो एकोणतीस पानं तसलं कसं लिहील?”

मला लाज वाटत होती. ज्या विद्वानांच्या चार ओळींच्या चिठ्ठ्या त्यांनी जन्मभर जपल्या, तसल्याच विद्वानांपुढे ते माझ्यासाठी एकदा उघडे उभे राहिले होते.

गावी जाताना जालन्याला उतरलो. मास्तर पडवीतच होते, शेरवानीसकट, थोडे वाळले होते. कॉलेजात असताना छापून आलेला माझा इंग्रजी निबंध मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने लाल पेन्सिल काढली. पहिलं वाक्य असं होतं की माती मुठीत गोळा होते आणि सोडल्यावर फुटते, त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. मास्तरांनी ते वाचलं आणि तोंड वाकडं केलं. “लई उघडं हाय. इथं एखादं नॉटविथस्टँडिंग बसलं असतं.”

मी म्हणालो, “मास्तर, उघडी वाक्यं कुठवर जातात, ते मी पाहिलंय. साहेबांच्या फाईलीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेन्सिल खाली ठेवली. शेरवानीचं वरचं बटण त्या दिवशी कसं कोण जाणे उघडं राहिलं होतं, ते त्यांनी हळूच लावलं, आणि आत वळून चहा ठेवायला सांगितला.