ताप उतरेपर्यंत दार बंद

माझा बाप गावी पाटलाच्या घरासमोर ओंजळ धरून पाणी प्यायचा. ओतणारा वरून ओतायचा, भांडं हाताला लागू द्यायचा नाही. नागपुरात येऊन दीक्षा घेतल्यावर बापानं पाण्याचा माठ मुद्दाम आमच्या खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात ठेवला. ज्याला तहान लागेल त्यानं आत यावं, आपल्या हातानं घ्यावं. बाप गेला, नेम मी चालवला. गिरणीत मागावर होतो, शिक्षण तिसरीपर्यंत, घर पत्र्याचं. पण माझ्या उंबरठ्यावर कोणाला थांबावं लागत नाही, हे मी कोणालाही मान वर करून सांगत असे.

ऐंशी सालानंतर बायकोला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषध देणं सुरू झालं. केस गेले. ती म्हणाली, बरं झालं, फणीचं काम गेलं. कॅन्सर लागतो असं तेव्हा लोकांना वाटायचं, त्यामुळे वस्तीतल्या काही बायांनी येणं सोडलं. कोण कोण ते मी ध्यानात ठेवलं होतं.

दुसऱ्या सलाईननंतर तिला ताप भरला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद पाहत म्हणाल्या, "घरी घेऊन जा. रोज सकाळी इंजेक्शनला आणा."

"भरती करा," मी म्हणालो.

"नाही करत."

"काहून? आमच्यासाठी खाट नाही का?"

मला राग आला होता, तो त्यांना दिसला. त्या उठल्या आणि मला वॉर्डाच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधे जमिनीवरही माणसं. एक म्हातारा छाती फुटेल असा खोकत होता. नातेवाईक डबे उघडून बसले होते.

"औषधानं तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या आहेत," बाई म्हणाल्या. "रोगाशी लढायचं काम त्यांचं. त्या पुन्हा तयार होईपर्यंत हा खोकला तिला झेपणार नाही. ती बोलते आहे, पाणी पिते आहे, घर तुमचं जवळ. म्हणून घरी पाठवते. दुसऱ्या कोणाला नसतं पाठवलं."

मग त्यांनी नियम सांगितले. गोळ्या वेळेवर. थर्मामीटर लावायचा. तापाची गोळी आपल्या मनानं द्यायची नाही, ताप झाकला जातो आणि आतलं कळत नाही. कच्चं काही खायला नाही. थंडी वाजली, घाबरं झालं, तर वेळ न पाहता घेऊन यायचं. आणि बाहेरचं माणूस खोलीत नाही.

"कोणी म्हणजे कोणी नाही. जमेल?"

"मी हट्टी आहे," मी म्हणालो.

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या.

गिरणीतून सुट्टी घेतली. आकडे मला वाचता येतात, थर्मामीटर मीच लावायचा. भात मी शिजवायचा, तोंडाला रुमाल बांधून आत न्यायचा. शेजारचे दोघे-तिघे विचारायला आले, त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावलं. ते सोपं होतं.

मग मौद्याकडून एसटीनं तिची मोठी बहीण आली. बायको तिला आक्का म्हणायची, मी बाई म्हणायचो. डोक्यावर पेरूची टोपली, हातात दह्याचं मडकं, नाक गळत होतं. वस्तीतल्या बाया आपल्या बहिणीकडे येत नाहीत हे तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून ती ठरवूनच आली होती.

"सरका जवाई," ती म्हणाली, बाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तिच्यासंग एका ताटात जेवीन. पाहू दे वस्तीले, रोग लागते का नाही ते."

"बाई, आत जाता येत नाही."

"काहून?"

"तिचा रोग तुम्हाले लागत नाही. तुमची सर्दी तिले लागते."

"माही सर्दी? लहानपणापासून एका ताटात वाढलो आम्ही. तवा नाही लागली."

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

आक्कानं टोपली खाली ठेवली. आवाज एकदम खाली आला. "माह्या बापाले बी गावात असंच सांगत होते, जवाई. इथंच थांब, आत नको येऊ. कारण त्यायच्याजवळ बी राहेच."

समोरच्या ओट्यावर बाया उभ्या राहून ऐकत होत्या. मी उंबरठ्यावर आडवे पाय पसरून बसलो.

आतून बायकोचा आवाज आला. तापानं जीभ जड झाली होती. "आक्का, त्यायले बोलू नको वं. मले मरायचं नाही आताच. तू तिथंच बस."

आक्का बसली. पण परत गेली नाही. शेजारणीकडे झोपायची, दिवस आमच्या ओट्यावर काढायची. शेजारणीच्या चुलीवर खिचडी तिनंच शिजवली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "कालचा तुमचा भात कच्चा होता. डॉक्टरीण तुम्हालेच भरती करन." हात तिनं मी न सांगताच साबणानं धुतले होते. दही तिला चालत नव्हतं, ते मला खावं लागलं. पेरू खिडकीखाली बसून ती स्वतः खायची आणि आत सांगायची, "गोड हाय वं. तुह्या नावानं खाऊन राहिली." बायको आतून हसायची, मग हसण्यानं थकायची.

सकाळी रिक्षा. ओपीडीच्या गर्दीत बसवू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी मागच्या व्हरांड्यात बाक दिला होता. तिथं इंजेक्शन, तिथंच नाडी पाहणं, आणि परत घर. आक्का येत नव्हती. ओटा सोडायला ती तयार नव्हती, न जाणो मी पुन्हा बसू दिलं नाही तर.

संध्याकाळ वाईट. दिवे लागायच्या वेळेला ताप चढायचा. एका संध्याकाळी पारा एकशे दोनच्या वर गेला. खिडकीतून आक्का म्हणाली, "किती?"

मी होता तो आकडा सांगितला. ती उठून गल्लीच्या तोंडाशी गेली आणि रिक्षावाल्याला आमच्या दारासमोर आणून उभा केला. आत बायकोला थंडी वाजते का, घाबरं होतं का, हे मी सारखं विचारत होतो. बायको शेवटी म्हणाली, "विचारू विचारू मले घाबरं करून राहिले तुम्ही." तेवढ्यानं मला जरा धीर आला. घाम आला, ताप उतरायला लागला. रिक्षावाला आक्काच्या हातचा चहा पिऊन गेला.

त्यानंतर ताप दररोज थोडा कमी भरत गेला, मग भरलाच नाही. पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग मला म्हणाल्या, "पेशी वाढल्या. आता सर्दी नसलेलं माणूस आत येऊ द्या."

रिक्षा घरासमोर थांबली. आक्काची सर्दी केव्हाच गेली होती. मी म्हणालो, "बाई, आता आत चला."

"तुम्ही थांब म्हणता तवा थांबायचं, चल म्हणता तवा चालायचं?" ती जागची हलली नाही.

बायकोच गेली आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसली. डोक्यावरचा पदर घसरला. आक्कानं तिला अशी पहिल्यांदाच पाहिली. तिनं त्या डोक्यावरून हात फिरवला, फार वेळ फिरवला.

"जन्मली तवा अशीच होती," ती म्हणाली. "मीच खेळवली."

मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पुढची सलाईन कधी हाय?" मी सांगितलं. "मंग आधीच येईन. सर्दी घरी ठेवून."

आक्कानं मला कधी माफ केलं नाही. मीही चूक मानली नाही, आजही मानत नाही. त्यानंतर किती तरी लग्नांत, नामकरणांत ती चारचौघांत सांगायची, या माणसानं मले दारात बसवलं. बायको तिच्या बाजूला बसून ऐकायची आणि हसायची. ती ऐकायला होती, मला तेवढं पुरे होतं.